बागी कोण? एका शब्दाची हकीकत

निवडणुकीच्या दिवसांत एकच बातमी दोन भाषांत वाचून पाहा. हिंदी वर्तमानपत्र लिहिते, 'बागी उम्मीदवार'. मराठी वर्तमानपत्र लिहिते, 'बंडखोर उमेदवार'. पक्षातून बाहेर पडलेल्या त्याच माणसाला त्याचे जुने सहकारी मात्र भर सभेत 'गद्दार' म्हणतात. माणूस एक, त्याने केलेली गोष्ट एक आणि नावे तीन. प्रत्येक नावाबरोबर त्याच्याविषयीचा निकालही बदलतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे असे शब्द रोज समोर येतात आणि मुले त्यांच्याविषयी प्रश्न विचारतात. नववीतल्या एका मुलाने विचारले होते, "सर, बागी म्हणजे बागेतला का?" वर्ग हसला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. उर्दूत 'बाग' आणि 'बागी' यांची अक्षरे सारखीच आहेत, शेवटी फक्त एक 'ये' वाढतो. तरीही दोघांचे कूळ वेगळे आहे. 'बाग' फारसी आहे. आपल्याकडचे बागवान त्याच घरचे. 'बागी' अरबी आहे आणि त्याची हकीकत बरीच लांबची आहे. ती सांगावी म्हणून हा लेख.

अरबीत बे, गैन आणि ये या तीन अक्षरांचा धातू आहे. त्याचा पहिला अर्थ चाहणे, शोधणे, एखाद्या गोष्टीच्या मागे लागणे. याच धातूचा दुसरा अर्थ हद्द ओलांडणे. जखम चिघळली, सुजली की जुनी अरबी हेच क्रियापद वापरते. चाहत जेव्हा हद्दीबाहेर जाते तेव्हा ती ज्यादती होते, असा हा अर्थाचा प्रवास आहे. रमजानमध्ये आपण एक हदीस नेहमी ऐकतो. पुकारणारा पुकारतो की, भलाई शोधणाऱ्या, पुढे ये, आणि बुराई शोधणाऱ्या, थांब. तिथे 'शोधणारा' यासाठी जो अरबी शब्द आहे तो 'बागी' हाच आहे. म्हणजे भलाईचाही बागी असतो आणि बुराईचाही. शब्दात दोष नाही, तो कशाच्या मागे लागला आहे यावर सगळे अवलंबून आहे.

कुरआनात हा धातू अनेक ठिकाणी आला आहे. बंडाच्या चर्चेत मात्र सूरह हुजुरातची नववी आयत महत्त्वाची मानली जाते. तिचा आशय असा: मोमिनांचे दोन गट आपसात लढू लागले तर त्यांच्यात सुलह करा. मग त्यातल्या एकाने दुसऱ्यावर ज्यादती केली तर ज्यादती करणाऱ्याशी लढा, तो अल्लाहच्या हुकुमाकडे परत येईपर्यंत. तो परतला की न्यायाने सुलह करा. पुढचीच आयत सांगते की मोमिन हे एकमेकांचे भाऊ आहेत.

या आयतीतल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे. पहिली, ज्यादती करणारा गटसुद्धा इथे मोमिनच म्हटला आहे. लढाई झाली म्हणून त्याचे नाव भावांच्या यादीतून कापलेले नाही. दुसरी, या आयतीत राजा, खलिफा, दरबार यांचा उल्लेखच नाही. गट दोन आहेत, आणि जो हद्द ओलांडेल तो बागी. तो सिंहासनावर बसलेला असू शकतो आणि सिंहासनाविरुद्ध उठलेलाही असू शकतो. 'बागी म्हणजे सत्तेविरुद्ध उठणारा' हा अर्थ पुढे फकीहांनी, म्हणजे शरीअतच्या कायदेपंडितांनी, पक्का केला.

पण या फकीहांनी अर्थ अरुंद करताना एक मोठे कामही केले. त्यांनी बागीसाठी वेगळा कायदा लिहिला. हनफी, शाफई आणि इतर पंथांच्या ग्रंथांत 'बुगात' म्हणजे बागींविषयी स्वतंत्र प्रकरण असते. त्यात सुरुवातीलाच बागी आणि वाटमाऱ्या यांच्यात भेद केलेला आहे. बागी ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे 'तावील', म्हणजे आपण का उठलो याचे काही कारण, काही युक्तिवाद. तो चुकीचा असला तरी चालेल, पण असला पाहिजे. दुसरी 'शौकत', म्हणजे जमाव आणि ताकद. कारण नसताना लुटायला निघालेला माणूस राहजन, वाटमाऱ्या. त्याची शिक्षा कडक आहे. कारण घेऊन उठलेला माणूस बागी आणि त्याचे काही हक्क आहेत.

हे हक्क कोणते? आधी त्याच्याकडे माणूस पाठवून त्याची तक्रार विचारायची. तक्रार खरी असेल तर ती दूर करायची. लढाई झालीच तर शस्त्र टाकणाऱ्याला मारायचे नाही, जखमीला संपवायचे नाही. हरून पळणाऱ्याचा पाठलाग करायचा नाही, मात्र तो पुन्हा फौजेला मिळणार असेल तर काय करावे यावर पंथांत मतभेद आहेत. त्याचा माल लूट म्हणून वाटून घ्यायचा नाही. त्याच्या बायकामुलांना गुलाम करायचे नाही. बागींनी आपल्या ताब्यातल्या मुलुखात वसूल केलेला कर रयतेकडून पुन्हा वसूल करायचा नाही.

हे नियम आले कुठून? बहुतांशी हजरत अली (रजि.) यांच्या वागण्यातून. इ.स. ६५६ मध्ये बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली. दोन्ही बाजूंना प्रेषितांचे (स.) सहकारी होते. लढाई जिंकल्यावर हजरत अलींनी पराभूतांचा माल लुटू दिला नाही आणि जखमींना हात लावू दिला नाही. समोरचे लोक कोण, असे विचारल्यावर ते आमचे भाऊ आहेत, त्यांनी आमच्यावर ज्यादती केली, अशा आशयाचे त्यांचे उत्तर परंपरेने जपले आहे. पुढे खारिजी लोक फुटून निघाले, खुद्द हजरत अलींनाच चुकीचे ठरवू लागले. तेव्हा त्यांच्याशी बोलायला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना पाठवण्यात आले आणि बरेच जण समजावल्यावर परतले. उरलेल्यांना सांगण्यात आले की आम्ही तुम्हाला मशिदीत येऊ देऊ, तुमचा वाटा थांबवणार नाही आणि तुम्ही हत्यार उचलत नाही तोवर आम्ही उचलणार नाही. ६५८ मध्ये नहरवानला लढाई झाली ती त्यानंतर.

ज्यांनी हे नियम ग्रंथांत मांडले त्यांनाही राज्यकर्त्यांचा धाक ठाऊक होता. इमाम अबू हनीफा यांची सहानुभूती इ.स. ७४० मध्ये उमय्यांविरुद्ध उठलेल्या हजरत जैद बिन अली यांच्याकडे होती, असे चरित्रकार सांगतात. पुढे अब्बासी खलिफा मन्सूरच्या काळात इमामसाहेबांना बगदादला कैद झाली आणि ७६७ मध्ये त्यांचे निधन झाले. बागीच्या हक्कांचा कायदा घडवणारे लोक दरबाराच्या उपकारांखाली दबलेले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता कागदावरचा कायदा आणि दरबारातली रीत यांत फरक पडतोच. आपल्या देशातले मोगल घराणे पाहा. शहजादा सलीम बापाविरुद्ध, म्हणजे अकबर बादशहाविरुद्ध उठला, इलाहाबादेत त्याने स्वतःचा दरबार भरवला. तोच पुढे जहांगीर झाला. १६०६ मध्ये त्याचा मुलगा खुसरो त्याच्याविरुद्ध उठला, तेव्हा जहांगीरने खुसरोच्या शेकडो साथीदारांना लाहोरच्या रस्त्यावर सुळावर चढवले आणि मुलाला त्या रांगेतून फिरवले. दुसरा मुलगा खुर्रम १६२२ मध्ये उठला. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्याचे नाव घेणेच सोडून दिले आणि त्याला 'बेदौलत' म्हणजे करंटा लिहिले. हा बेदौलत दख्खनेत आला, मलिक अंबरच्या आश्रयाला काही काळ राहिला. १६२७ मध्ये बापाच्या मृत्यूची बातमी त्याला आपल्या जुन्नरमध्ये मिळाली. तिथून निघाला तो शाहजहान बादशहा झाला. मग त्याच्या चरित्रातून बेदौलत शब्द गेला.

शाहजहानला १६५८ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात कोंडून औरंगजेब गादीवर आला. १६८१ मध्ये त्याचा मुलगा शहजादा अकबर बंड करून दख्खनेत छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. म्हणजे चार पिढ्यांत बाप बादशहा आणि मुलगा बागी. जो जिंकला त्याची बगावत इतिहासातून पुसली गेली.

याच औरंगजेबाच्या हुकुमाने 'फतावा-ए-आलमगिरी' हा हनफी कायद्याचा मोठा ग्रंथ तयार झाला. त्यातही बुगातचे प्रकरण आहे. आणि याच औरंगजेबाने १६५९ मध्ये आपला सख्खा भाऊ दारा शुकोह याला मारले. दारा तर लढाई हरून पकडलेला कैदी होता. त्याच्यावर ठेवलेला आरोप निव्वळ बगावतीचा नव्हता. धर्मापासून ढळल्याचाही होता. माझ्या मते या एका गोष्टीत सगळ्या विषयाची किल्ली आहे. बागीला कायद्याने काही संरक्षण दिले आहे. ते काढून घ्यायचे असेल तर त्याचे नाव बदलावे लागते. त्याला बागी न म्हणता आणखी काही म्हणावे लागते.

१८५७ मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले.

ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये शाह आलम बादशहाकडून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी घेतली. दिवाण म्हणजे बादशहाचा नोकर. १८३५ पर्यंत कंपनीच्या नाण्यांवर बादशहाचे नाव होते. मग २७ जानेवारी १८५८ रोजी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये, स्वतःच्याच घरात, ८२ वर्षांच्या बहादूरशाह जफरवर खटला सुरू झाला. आरोप काय? की तो ब्रिटिश सरकारचा पेन्शनर आणि प्रजाजन असून त्याने सरकारविरुद्ध बंड केले. पाच फौजी अधिकारी न्यायाधीश झाले. ९ मार्चला त्याला दोषी ठरवले, रंगूनला पाठवले, आणि तिथेच ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो वारला. १९२२ मध्ये बकलर या इंग्रज इतिहासकाराने एक निबंध वाचून उलट प्रश्न केला की, कायद्याने पाहिले तर बादशहाचा नोकर कोण होता आणि मग बागी कोण ठरतो? त्याचे उत्तर होते, कंपनी.

बागीच्या हक्कांची यादी समोर ठेवून दिल्लीचे काय झाले ते पाहा. २२ सप्टेंबर १८५७ रोजी जफरचे दोन मुलगे, मिर्झा मुगल आणि खिज्र सुलतान, आणि नातू अबू बकर यांना शरण आल्यावर हॉडसनने गोळ्या घातल्या. 'दिल्ली उर्दू अखबार'चे संपादक मौलवी मुहम्मद बाकिर यांना मारण्यात आले. त्यांच्या हाती असलेले हत्यार लेखणी होती. दिल्लीतून सगळे लोक बाहेर काढले गेले, हिंदूंना आधी परतू दिले, मुसलमानांना बऱ्याच उशिरा. जामा मशीद १८६२ पर्यंत नमाजींना परत मिळाली नाही. फतेहपुरी मशीद तर एका सावकाराला विकली गेली. म्हणजे माणसाबरोबर इमारतही बागी ठरली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच लाल किल्ल्यात १६ मे १८५७ रोजी कैदेत असलेल्या सुमारे ५० युरोपियन माणसांना मारण्यात आले. त्यात बहुतेक बायका आणि मुले होती. वर सांगितलेला कायदा तेही हराम ठरवतो. कैद्याला मारू नका हा नियम दोन्ही बाजूंनी मोडला. फरक इतकाच की एका बाजूला नंतर इतिहास लिहायला मिळाला.

मुंबईतही १५ ऑक्टोबर १८५७ रोजी हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गडिया यांना एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिले गेले. एक मुसलमान, एक हिंदू. आज आपण त्या जागेला आझाद मैदान म्हणतो. तिथे मोर्चे येतात, पण या दोन नावांची आठवण फार कमी जणांना असते.

१८५७ नंतर शब्दांचेही हाल झाले. उर्दूत लोक त्या सालाला 'गदर' म्हणू लागले. गदर म्हणजे अरबीत वचनभंग, दगाबाजी. म्हणजे जिंकणाऱ्याची बाजू शब्दातच बसली. सर सय्यद अहमद खान त्या वेळी बिजनौरला कंपनीचे नोकर होते आणि सरकारशी निष्ठावान राहिले होते. त्यांनी लगेच पुस्तक लिहिले, 'अस्बाब-ए-बगावत-ए-हिंद', बगावतीची कारणे. कायदेमंडळात एकही हिंदुस्थानी माणूस नाही, म्हणून सरकारला रयतेचे मन कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांनी बागीची 'तावील' विचारली, फकीहांनी सांगितलेले पहिलेच काम केले. त्यावर काही इंग्रज अधिकाऱ्यांनी हे पुस्तकच राजद्रोही आहे असे म्हटले. बागीचे कारण समजावून सांगणाराही संशयित होतो, हा अनुभव नवा नाही.

मौलाना फज्ले हक खैराबादी यांना अंदमानला पाठवले. तिथे त्यांनी अरबीत आपली हकीकत लिहिली आणि १८६१ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. या हकीकतीचा उर्दू तर्जुमा १९४७ मध्ये निघाला तेव्हा त्याचे नाव ठेवले 'बागी हिंदुस्तान'. ज्या शब्दाखाली माणसे फासावर गेली तोच शब्द पुस्तकाच्या पहिल्या पानावर अभिमानाने छापला गेला. बलिया जिल्ह्याचे लोक आजही आपल्या जिल्ह्याला 'बागी बलिया' म्हणतात, १९४२ मध्ये तिथे चित्तू पांडे यांनी काही दिवस लोकांचे सरकार चालवले होते म्हणून.

'गदर' शब्दाचेही असेच झाले. अमेरिकेतल्या हिंदुस्थानी मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून वर्तमानपत्र काढले, त्याचे नावच 'गदर'. पहिला अंक उर्दूत होता. या चळवळीत शीख होते, हिंदू होते, भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह होते आणि पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळेही होते. पिंगळ्यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी दिले. गंमत अशी की ज्या धातूपासून पिंगळ्यांचा 'गदर' आला त्याच धातूपासून 'गद्दार' आला. आपण एकाला हार घालतो आणि दुसऱ्या शब्दाने शिवी देतो.

मराठीचा स्वतःचा शब्द 'बंडखोर'. त्याची शेपटी फारसी आहे. 'खोर' म्हणजे खाणारा. लाचखोर, नफेखोर, भांडखोर, चुगलखोर, हरामखोर, या कुटुंबात एकही भला माणूस नाही. म्हणजे 'बंडखोर' हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात तिरस्कारच होता. उमाजी नाईकांचे बंड, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड, असे सरकारी कागद लिहीत. फडक्यांच्या बंडात रामोशी होते आणि इस्माईल खान नावाचा रोहिला सरदारही त्यांना मिळाला होता. आज मराठी माणूस 'बंडखोर कवी', 'बंडखोर विचार' असे कौतुकाने म्हणतो. लोकांनी शिवीचे रूप पालटून टाकले. 'फितूर' मात्र पालटला नाही. अरबीत 'फुतूर' म्हणजे ढिलाई, बिघाड. मराठीत तो दगाबाजच राहिला.

चंबळच्या खोऱ्यातही हाच भेद लोकांनी आपणहून केला. पोलिसांच्या कागदावर डाकू, पण गावकरी आणि ते स्वतः म्हणत बागी. जमिनीचा वाद, ठाकुरांचा किंवा पोलिसांचा जुलूम, कोणत्या तरी कारणाने माणूस बीहडात उतरला की तो बागी. १९६० मध्ये विनोबा तिथे गेले, १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे जौऱ्याला शेकडो जणांनी हत्यारे ठेवली. ज्यांना कोणी शरीअतचा कायदा शिकवला नव्हता त्या माणसांनीही राहजन आणि बागी यांतला फरक पकडला होता, तो म्हणजे कारणाचा. त्यातल्या अनेकांनी लूट केली, खून केले, ते मी झाकत नाही. पण त्यांच्याशी आधी कोणी तरी जाऊन बोलले आणि बोलल्यामुळे बंदुका खाली आल्या, हेही खरे आहे.

मुसलमान समाजात हा विषय बोलताना दोन चुका होतात असे मला वाटते. काही जण म्हणतात, इस्लाममध्ये सत्तेविरुद्ध ब्र काढायला परवानगी नाही. ते सूरह हुजुरातची आयत आणि इमामसाहेबांची कैद विसरतात. काही जण म्हणतात, आपल्या मनासारखे नसेल तर हत्यार उचलणे हाच दीन आहे. ते खारिजींचा शेवट विसरतात, आणि हेही विसरतात की फकीहांनी बागीला हक्क दिले, शाबासकी दिली नाही. रक्त सांडल्याने समाजाचे काय होते हे त्यांनी जमल आणि नहरवानला पाहिले होते, म्हणून तर बोलणे आधी आणि लढणे शेवटी, असा क्रम लावला.

आज आपल्या देशात संविधान आहे. तक्रार सांगायला कोर्ट आहे, मत आहे, मैदान आहे, लेखणी आहे. इथे सरकारला प्रश्न विचारणारा बागीसुद्धा नाही, तो नागरिक आहे. त्याला देशद्रोही किंवा गद्दार म्हणणे म्हणजे दाराच्या वेळी केले तेच करणे. आधी नाव बदलायचे, मग हक्क आपोआप जातात. हे कोणत्या एका पक्षापुरते खरे नाही. आपल्या मोहल्ल्यातही मशिदीच्या कमिटीचा हिशेब मागणाऱ्याला 'फितना करतो' म्हणतात, आणि घरात लग्नाविषयी स्वतःचे मत सांगणाऱ्या मुलीला 'बागी हो गई है' म्हणतात. तिची तावील काय आहे हे विचारायला कोणी बसत नाही.

म्हणून यापुढे कोणाला बागी म्हटलेले ऐकले तर तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द कोण वापरतो आहे? ज्याच्यासाठी वापरला त्याची तक्रार काय आहे? आणि त्याच्याशी अजून कोणी बोलले आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासाच्या पुस्तकात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपल्यालाच जाऊन द्यावे लागते.